मावशींच्या पोटातली गोष्ट

आमच्या औषधांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या आणि फळांच्या साली भिजत घालणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. मावशींच्या पोटात काही राहत नाही. साहेबांनी केस रंगवले, हे त्यांच्या बायकोआधी आम्हाला कळलं. कुणामुळे, ते सांगायला नको!

त्या सालींतून निघणाऱ्या चिकट गराची आम्ही गोळी करत होतो. तिनं पोटात फुगायचं, तरंगायचं आणि आठ तास हळूहळू औषध सोडायचं. मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचे हात थरथरतात. बाजारातल्या औषधाचा जोर तीन तास टिकतो, मग चिमटा हातातून पडतो. म्हणून मावशी रोज विचारायच्या, "टिकली का गं आपली गोळी?"

टिकते कसली! पोटासारखं आम्ल भरलेल्या भांड्यात तिसऱ्या तासाला तिचा चिखल. एकदाच, एका मंगळवारी, आठ तास तरंगली. पुढे महिनाभर आम्ही डोकं फोडलं, पण पुन्हा तशी जमेना. शेवटी आमच्या प्रमुख मॅडमनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर काम बंद."

तेव्हापासून मावशी गप्प. मावशी आणि गप्प! मला वाटलं, घरी काही बिनसलं. गुरुवारी सकाळी त्या ओले हात पुसत मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"त्या मंगळवारच्या गोळीच्या वेळी शुद्ध पाण्याचा कॅन संपला होता. मी गर नळाच्या पाण्यात धुतला. काढा मला कामावरून, पण हे पोटात ठेवून घास उतरत नाही हो."

मी कपाळावर हात मारला. मॅडम मात्र ताडकन उठल्या. "अहो, आपल्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम आहे! त्यानंच गर घट्ट धरला!"

"म्हणजे मला काढणार नाही?"

"आधी बादली भरा!"

शुक्रवारी सहा भांड्यांत नव्या गोळ्या टाकल्या, सहाही आठ तास तरंगल्या. मावशी रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

माणसांना ही गोळी मिळायला अजून बरीच वर्षं लागतील, हे मॅडमनी बजावलं. मावशींनी घरी जाऊन तेही सांगितलं. त्यावर यजमान काय म्हणाले, हे शनिवारी अख्ख्या प्रयोगशाळेला कळलं.

"गोळीला सावकाश येऊ दे, मी थांबतो. तू मात्र पोटात काही ठेवत जाऊ नकोस."