माझ्या अम्माला का नाही उठवलं?

बायांनो, मघाशीच मिशनच्या आवारातून आलेय. काही काम सुचेना म्हणून लिहायला बसले. वाचून पुढच्या घरी द्या.

तिथं देवप्रसाद नावाचा बी.ए. झालेला तरुण आलाय. बंगळूरच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवतात तिथं, तो मुलांना धर्म कसा शिकवायचा ते शिकतोय. मी तिथं रोज ताक घालते, म्हणून तोंडावरच विचारलं होतं, "पोरांना गोष्टीच सांगायच्या ना? मग आणखी शिकायचं काय, साहेब?" त्यानं हसून मला परीक्षा बघायला बोलावलं होतं.

आज त्याची परीक्षा, पोरांना धडा शिकवून दाखवायची. पुढं पोरं, मागं त्याचे म्हातारे गुरुजी. येशूनं मेलेल्या मुलीला उठवलं, ती गोष्ट त्यानं चित्र दाखवून सांगितली. तेवढ्यात प्लेगात आई गेलेली चिन्नी उभी राहिली. "मग माझ्या अम्माला का नाही उठवलं?"

मी म्हटलं, हा आता नापास.

त्यानं चित्र गुंडाळलं आणि तिच्याजवळ जमिनीवर बसला. "मला ठाऊक नाही, पुट्टी, बाळा. अम्मा कशी होती, सांगशील?"

ती सांगत राहिली. अम्माची वेणी, तिनं केलेले रागीचे मुद्दे म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, अम्माचं ओरडणं. धडा तसाच राहिला. शेवटी गुरुजीही उठून पोरांत येऊन बसले.

मला गल्लीभरच्या प्रश्नांची उत्तरं येतात. पण "ठाऊक नाही" म्हणून असं जवळ बसणं मला जमलं नसतं. ते शिकायला सेमिनरी लागते, हे आज पटलं.

तुमच्या पोरानं असं विचारलं, तर तुम्ही काय सांगाल?