अरविंदची वीस गेजची बंदूक

अरविंदच्या निधनाची बातमी मला दोन वाक्यांत कळली, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या दुसऱ्या वाक्याने मी अधिक हादरलो. सुलभावहिनी रुग्णालयातून बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले..." आणि मग, "ती बंदूक गॅरेजमध्ये तशीच टेबलावर पडलीये हो. निखिल नातवंडांना घेऊन बेलव्ह्यूहून विमानाने निघालाय, संध्याकाळपर्यंत पोचेल." त्या क्षणी मला दुःख झाले नाही, भीती वाटली. इतके आठवडे लोटले तरी ती ओसरलेली नाही.

अरविंद आणि मी सांगलीत एकाच वर्गात शिकलो, एन.सी.सी.त एकाच रांगेत उभे राहिलो आणि अमेरिकेत येऊन चँडलरमध्ये संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्तही जवळपास एकदमच झालो. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहू लागलो : नगरपालिकेला, आमदारांना, वृत्तपत्रांना. त्याने शॉटगन घेतली. खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली, म्हणून बारीक नळीची, म्हणजे वीस गेजची, सेमी-ऑटोमॅटिक. तिचा धक्का खांद्याला सोसतो म्हणे. छऱ्यांच्या काडतुसांऐवजी तो स्लग वापरी, म्हणजे शिशाची एकच जाड गोळी, आणि नेमबाजीच्या रेंजवर रायफलसारखा नेम धरून कागदी लक्ष्य भेदत बसे. मी त्याला मुद्देसूद लेखी हरकत पाठवली. घरात बंदूक कुठे आणि कशी ठेवावी याविषयी या राज्याचा कायदा जवळजवळ मौन पाळतो. जिथे कायदा गप्प असतो तिथे शहाण्या माणसाने स्वतःला नियम घालून घ्यावा, असे माझे म्हणणे. त्याचा फोन आला : "वकीलसाहेब, नोटीस पोचली. तिसऱ्या मुद्द्याला जाम हसलो यार. शनिवारी रेंजवर ये, उरलेले मुद्दे तिथे वाचून दाखव."

मी गेलो, आणि त्या पहिल्याच शनिवारी जे घडले ते आमच्या पिढीच्या प्रत्येक माजी कॅडेटने नीट वाचावे. एन.सी.सी.च्या रायफलीत एक गोळी उडाली की दुसरी हाताने बोल्ट, म्हणजे नळीमागचा लोखंडी दट्ट्या, ओढल्याशिवाय नळीत येत नसे, आणि सराव संपला की नेम समोर धरून चाप दाबायचा, 'खट्' असा कोरडा आवाज आला की काम झाले. अरविंदने दोन काडतुसे भरली, एक उडवले, "झालं" म्हणाला आणि जुन्या शिस्तीने पुन्हा चाप दाबला. पहिले उडाल्यावर दुसरे आपोआप नळीत येऊन बसते हे त्याच्या डोक्याला ठाऊक होते, बोटाला नव्हते. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे होती म्हणून केवळ माती उडाली. रेंजवरचा अधिकारी ओरडत धावत आला. अरविंदचा चेहरा पांढरा पडला होता.

मी संतापून रेंजच्या समितीला पत्र लिहिले. नवख्या वृद्धांना लेखी सूचना द्या, अशी मागणी केली. उत्तर आले नाही. पण अरविंद बदलला. त्यानंतर प्रत्येक वेळी तो आधी नळीखालचा काडतुसांचा साठा रिकामा करी, बोल्ट मागे अडकवून उघडा ठेवी आणि आत करंगळी घालून चाचपून बघे. मी चिडवायचो, "डॉक्टर, पेशंट कसा आहे?" तो गंभीरपणे म्हणायचा, "पोट रिकामं आहे." उघड्या बोल्टाशिवाय बंदूक त्याने पिशवीत घातलेली मी कधी पाहिली नाही.

म्हणून तो गेला त्या दुपारी गॅरेजमध्ये टेबलावरच्या पिशवीची चेन उघडली आणि बोल्ट बंद दिसला, तेव्हा ती कुठे रोखलेली आहे ते मी आधी पाहिले. नळीचे तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे होते. त्याच दारात वहिनी उभ्या होत्या.

"वहिनी, बाजूला व्हा."

"का हो?"

"आधी बाजूला व्हा!" मी आयुष्यात त्यांच्यावर कधी ओरडलो नव्हतो.

वारस येईपर्यंत मृताच्या वस्तूला हात लावू नये, पोलिसांना बोलवावे, हे सारे मनात येऊन गेले. मी तसे म्हणालोही. भिंतीआडून वहिनी म्हणाल्या, "कायदा राहू द्या भाऊजी. पोरं इथूनच आत येतील." मी बंदूक इंचाइंचाने फिरवून कोपऱ्यातल्या वॉटर सॉफ्टनरच्या, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या, मिठाच्या पोत्यांकडे रोखली. बोल्टचे हँडल पहिल्यांदा निसटलेच. दुसऱ्यांदा ओढले, आणि पिवळे काडतूस बाहेर उडून सिमेंटवर गडगडत गेले. अखंड. न उडालेले.

मला पहिल्यांदा आला तो राग. ज्याने आपल्या करंगळीची साक्ष काढल्याशिवाय कधी पाठ फिरवली नाही, तो भरलेली बंदूक गाडीत घालून, एवढ्या गर्दीच्या रस्त्यांवरून, घरी आला होता!

"रिकामी होती ना?" वहिनींनी विचारले.

मी खोटे बोलू शकलो असतो. "नव्हती," म्हणालो.

त्या पुढे येऊन काडतुसाशी वाकल्या. "रेंजवरून आल्यावर मला म्हणाले, ॲसिडिटी झालीये, जरा बसतो." मग हलकेच, "म्हणजे तिथेच फार दुखायला लागलं असणार हो यांना. आणि कुणाला बोलले नाहीत."

माझा राग जागच्या जागी विरला.

निखिलने बंदूक आता विक्रेत्याकडे दिली आहे. टेबल रिकामे आहे. तरीही मी त्या गॅरेजमधून घरात जाताना सरळ दाराकडे चालत नाही; भिंतीला धरून, टेबलाला वळसा घालून जातो. परवा पाहिले, हातात किराण्याच्या जड पिशव्या असूनही वहिनीही तशाच गेल्या.