एकाच बॅटरीवरचा दिवा

डोळे मिटायचे नाहीत, असं भानुदास हुबाले स्वतःला बजावतो आहे, आणि असं बजावणाऱ्या माणसाचं जे होतं तेच त्याचंही होतं आहे. मान पुढे जाते, कपाळ स्टिअरिंगला लागतं, तो दचकून सरळ बसतो. दुपारचा दीड वाजलाय. काल सकाळपासून झोप नाही. ट्रक घाटाच्या चढावर उभा आहे, पुढे सिमेंटचा ट्रेलर, मागे एसटी. वर दोन किलोमीटरवर गॅसचा टँकर कलंडलाय. हवालदार रांगेभर सांगून गेलाय, कुणीही इंजिन चालू ठेवायचं नाही. पंख्यांबद्दल तो काही बोलला नाही आणि भानुदासनेही शहाणपणाने विचारलं नाही.

मागे हौद्यात कोंबडीची वीस हजार पिल्लं आहेत, एका दिवसाची, दोनशे खोक्यांत. गाडी पळत असली की त्यांना वारं मिळतं. उभ्या गाडीत चार पंख्यांचाच आधार, आणि पंखे चालतात दोन बॅटऱ्यांवर. इंजिन बंद म्हणजे बॅटऱ्या भरत नाहीत, नुसत्या रित्या होतात. पंखे बंद केले तर पिल्लं गुदमरणार. चालू ठेवले तर रस्ता सुटेल तेव्हा स्टार्टर फिरवायला जोर उरणार नाही. उतार असता तर गाडी घरंगळत तरी सुरू झाली असती. चढावर भरलेला ट्रक कोण ढकलणार? सव्वा तास झालाय, आणि पंख्यांचा आवाज खाली उतरत चाललाय.

समोर काचेच्या वर बायकोचा, अनुसयाचा फोटो आहे. फोटोपुढे लाल बल्ब. जुन्या जीपमधून काढलेला, बारा व्होल्टचा. अकरा महिने तो रात्रंदिवस जळतो आहे. वर्षश्राद्धापर्यंत विझू द्यायचा नाही असं भानुदासने ठरवलंय, आणि वर्षश्राद्धाला आता वीस दिवस उरलेत. ती गेली तेव्हा तो जवळ नव्हता, एवढं सगळ्यांना माहीत आहे. का नव्हता, ते फक्त त्याला माहीत आहे.

मान पुन्हा पुढे जाते. या वेळी कपाळ कुठेच लागत नाही.

"अवं, सरका जरा," अनुसया म्हणते.

ती पलीकडच्या दाराने चढून आली आहे, पदर खोचून, घाईत असल्यासारखी. हिरवं पातळ, आणि गुडघ्यापाशी ॲसिडने पडलेली बारीक भोकं. बॅटरीचं पाणी बघणं हे तिचं काम होतं. गाडी घरी आली की पंधरवड्याला ती नरसाळं घेऊन बसायची, एकेक बूच उघडून खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालायची. भानुदासला ते काम किचकट वाटायचं. तुमचं सगळं ध्यान हॉर्नवर, असं ती ऐकवायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिला बघून त्याला नवल वाटत नाही. भीती मात्र वाटते.

"पाणी घातलंसा का?" ती विचारते.

"दर रविवारी घालतो." गृहपाठ दाखवणाऱ्या पोरासारखं तो चटकन सांगतो. "आता एकबी रविवार चुकवत न्हाई."

"दोघींत?"

"मागचीलाच लागतंय. पुढची पीतच न्हाई."

"आणि त्यात तुम्हाला काय वावगं वाटलं न्हाई."

ते दोघं आता घरच्या स्वयंपाकघरात बसले आहेत. जिथे शेगडी असायची तिथे दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत. भिंतीपलीकडून पंखे ऐकू येतात, आणि पंख्यांखालून पिल्लांचा चिवचिवाट. कपाळ बघावं तशी अनुसया एकेका बॅटरीवर उलटा हात ठेवते.

"ही तापलीया. आणि ही बघा, अर्धपोटी."

"दोन्ही एकदमच घेतल्यात की गं. एकाच दिवशी, एकाच दुकानातनं."

"घेतल्यासा एकदम. पण गाडीला चोवीस व्होल्ट लागत्यात. बारा हिचं, बारा तिचं. दोघींनी मिळून वढायचं, दोघींनी मिळून खायाचं. तुम्ही माझा दिवा पुढच्या एकटीच्याच गळ्यात अडकवलासा. ती रोज थोडी थोडी रिकामी हुतीया. इंजिन भरतंय दोघींना सारखंच. मग हिचं पोट भरत न्हाई, आणि तिचं भरल्यालं असून तिला उगाच वाढलं जातंय. ती उकळती, पाणी पिती. तुम्ही आपलं घालताय पाणी रविवारच्या रविवारी."

तिने रागावून बोललेलं त्याला चाललं असतं. ती रागावलेली नाही. कामाचं बोलते आहे, आणि घाईत आहे.

"बदलायची येळ आली तर दोघी एकदम बदला. एक नवी एक जुनी लावू नका, जुनी नवीला घिऊन बसती. आज गावात पोचला की पुढची येगळी काढून चार्जिंगला लावा. पोचला तर."

पंख्यांचा आवाज आणखी उतरतो.

भिंत पांढरी आहे. दवाखाना. सलाईनच्या खांबाला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन टांगला आहे आणि नळीतून थेंब पडतो आहे. तिच्या नऊ नंबरच्या खाटेवर कुणी नाही, चादर मात्र ताजी चुरगळलेली. बॅटऱ्या खाटेखाली आहेत. अनुसया फरशीवर बसून त्यांची बुचं मोजते आहे. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं भानुदासला वाटतं.

"अनुसे, तू गेलीस त्या दिवशी लेकीचा फोन आला साडेपाचला, लगेच या म्हणून. मी होस्पेटच्या पंपावर हुतो. किल्ली फिरवली तर नुसतं टक. परत टक. तू आजारी पडल्यापासनं पाणी घालायचं माझ्या ध्यानातच न्हवतं. दोन्ही कोरड्या ठाक. मदत मिळंपतूर सहा तास गेलं. लेकीला सांगितलं, ट्रॅफिक हुतं."

"म्हाईत हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या गाडीच्या बॅटऱ्या मला म्हाईत न्हाईत व्हय?"

त्याला रडू येतं, पण स्वप्नातही डोळ्यांतून पाणी पडत नाही. "वाट बघितलीस माझी?"

ती खोटं सांगेल, अशी त्याला आशा आहे.

"बघितली," अनुसया म्हणते. "लई बघितली. दाराकडं तोंड करून पडले हुते."

कॅनमधून थेंब पडतो. दुसरा पडतो.

"म्हणून तर दिवा लावलाय," तो म्हणतो.

"मी अंधारात हाय असं कुणी सांगितलं तुम्हाला? दिवा तुम्हाला लागतोय. त्या दिवशी गाडी सुरू झाली न्हाई, एक माणूस वाट बघत गेलं. आज सुरू झाली न्हाई तर वीस हजार जीव जात्याल. ऐका की."

तो ऐकतो. चिवचिवाट बारीक झालाय. मघाशी तो एकसंध होता, आता मध्ये मध्ये फाटतोय.

"काढा त्यो दिवा."

"वीस दिवस राहिल्यात, अनुसे."

"काढा."

"मग माझ्यापाशी काय राहिलं?"

"तेराचा पाना घ्या," ती म्हणते.

पाठीवर ऊन आहे. ट्रकच्या बाजूची बॅटरीची पेटी उघडी आहे आणि तो तिच्यापुढे उकिडवा बसला आहे. अनुसया शेजारी, खांद्याला खांदा लावून. पुढच्या बॅटरीची केबल धरणाऱ्या क्लँपवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे. बल्बची लाल वायर तिथेच गुंडाळलेली, आणि सगळी घाण तिच्याभोवतीच साचलेली. त्याने अकरा महिने त्या वायरला कुणाला हात लावू दिला नव्हता, फडकंसुद्धा नाही.

तो नट सैल करतो. क्लँप वर येतो, आणि पंखे थांबतात.

पिल्लं एकदम गलका करतात. असा आवाज त्याने कधी ऐकलेला नाही. तो क्लँप परत दाबायला जातो, पण अनुसया त्याचं मनगट धरते. हात गार आहे, ओला आहे.

"घासा आधी. सगळं घासा."

"मरत्याल गं."

"दोन मिंटं. घासा."

तो पान्याच्या कडेने खरवडतो. पांढरा भुगा नखांत जातो, बोटं चुरचुरतात. गलका वाढतो, मग वाढायचा थांबतो, आणि ते जास्त वाईट आहे. भुग्याखालून शिसं चकाकतं. तो क्लँपची आतली बाजू घासतो. आता फक्त लाल वायर उरली आहे.

अनुसया दुसरीकडे बघते. हे तिने करायचं नाही, त्यानेच करायचं आहे.

तो वायर उपसतो. क्लँप बसवतो, आवळतो. पंखे घरघरतात, फिरू लागतात, आणि त्यांचा आवाज मघापेक्षा भरदार आहे.

"आता रस्ता सुटला की पंखे बंद करून दोन मिंटं थांबायचं," ती त्याच्या कानाशी म्हणते. "बॅटरीला दम खाऊ द्यायचा. किल्ली एकदाच मारायची. टक टक करत बसायचं न्हाई."

"अनुसे, थांब जरा."

"ओ पाव्हणं," ती पुरुषाच्या आवाजात म्हणते. "रस्ता सुटलाय."

एसटीचा कंडक्टर त्याच्या डोक्याशी उभा आहे. भानुदास पेटीपुढे उकिडवा बसलेला, हातात तेराचा पाना, पायाशी लाल वायर. केबिनमधून खाली कधी उतरला ते त्याला आठवत नाही.

"मघाधरनं बघतोय, एकटंच बोलायलाय," कंडक्टर म्हणतो. "बरं हाय न्हवं?"

"हाय."

वरच्या वळणावर गाड्यांची इंजिनं एकेक करून सुरू होताहेत. ट्रेलर धूर सोडतो आणि हलतो. भानुदास केबिनमध्ये चढतो, पंख्यांचं बटण बंद करतो. मागे गलका उठतो. एसटी हॉर्न मारते, तिच्या मागची गाडी मारते. तो घड्याळाच्या काट्याकडे बघतो आणि किल्लीला हात लावत नाही. एक मिनिट. कुणीतरी शिवी देतं. दोन मिनिटं.

तो किल्ली फिरवतो. स्टार्टर जड आवाजात एक फेरा घेतो, दुसरा घेतो, अडखळतो. भानुदास किल्ली धरून ठेवतो. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडतं आणि सबंध केबिन हलू लागते. तो पंखे लावतो. पिल्लांचा आवाज फाटलेला आहे, पण आहे.

फोटोपुढचा बल्ब काळा पडलाय. दिवसाउजेडी फोटो तसाही चांगला दिसतो, अनुसया ओठ मिटून त्याच्याकडे बघते आहे. संध्याकाळी लेकीला फोन करायचा आणि त्या दिवशी ट्रॅफिक नव्हतं हे सांगायचं, असं त्याच्या मनात येतं.

क्लच दाबताना डाव्या गुडघ्याला चुरचुरतं. तो खाली बघतो. पँटवर, नेमका गुडघ्यापाशी, ॲसिडचा एक ओला डाग आहे. बोट लावल्याबरोबर कापड विरतं आणि करंगळी जाईल एवढं भोक पडतं. कडा अजून ओल्या आहेत. तो क्षणभर त्यावर तळहात ठेवतो, मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतो.