भाऊजींची पिवळी कॅसेट

माझे भाऊजी गाणं ऐकताना टेपकडे पाठ करून उभे राहत. डोळे मिटून, मान डोलावत ऐकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, मीही त्यातलीच. पण हे टेप सुरू करत, दोन पावलं दूर जात आणि रुसल्यासारखे तोंड फिरवून उभे राहत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, यांना गाणं मुळीच आवडलेलं नाही, मेहुणीचं मन राखताहेत बिचारे. मी तसं विचारलंही. म्हणाले, "मशीनकडं पाह्यत राह्यलं का डोळेच काम करते, कान झोपते. तू पाठ करून पाह्य एक डाव."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्याच्या एका धानाच्या मिलमध्ये ऑपरेटर होते. मिल दुसऱ्याची, पण गावात 'मिलवाले' म्हटलं की लोक यांच्याकडेच बोट दाखवत. अंगावर, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर कायम कोंडा. ताई म्हणायची, "यायले झटकल्याशिवाय घरात घेत नाही मी." मिल सुरू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, पण त्या गदारोळात भाऊजी एकदम हात वर करत आणि म्हणत, "रबर गेला." म्हणजे धान सोलणाऱ्या रबराच्या रोलाला झीज आली. उघडून पाहिलं की झिजलेलाच असे. मला त्या आवाजात फक्त आवाज ऐकू येई.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट माझ्या खोडीचीही आहे. आम्ही बहिणी करडी गावच्या. ताई लग्न होऊन सिहोऱ्याला गेली, मी शिकायला नागपूरला. तिथल्या वसतिगृहात मला रॉक संगीताचा नाद लागला. सीताबर्डीच्या फूटपाथवरून मी कॅसेटी आणायची. सगळ्यांना ठाऊक असलेल्या बँडच्या नव्हेत. कोणी विचारत नाही, दुकानदार गठ्ठ्याने काढून टाकतात, त्या. पुढे तुमसरला शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तरी नाद सुटला नाही. गिटार आरडाओरडा करतेय आणि मी शब्द उतरवून घेतेय, अशी माझी संध्याकाळ. मला एकच हवं होतं. या भंडारा जिल्ह्यात असली गाणी कोणाला कळतात, असं कोणी विचारलंच, तर माझं नाव घ्यावं. विचारणारं कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी शाळा अर्धी. मी एसटी धरून ताईकडे जायची. दुपारी मिल तासभर बंद असे, तेव्हा भाऊजी जेवून तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये पडत. त्यांच्याकडे एक जुना टेप होता. एकदा मी माझ्या नको असलेल्या कॅसेटी पिशवीत भरून नेल्या. खरं सांगते, आवडत्या होत्या त्या नेल्या नाहीत. त्या मी कोणाच्या हाती देत नसे. नेल्या त्या मला बेचव वाटलेल्या, घरी एकेकदा ऐकून बाजूला टाकलेल्या. त्यांच्यावर तुमची गाणी भरून घ्या, असं मी म्हणाले. भाऊजींनी भरली नाहीत. ऐकली.

इंग्रजीचं एक अक्षर येत नसल्यामुळे ते कॅसेटी कव्हरवरून ओळखत. एक 'कुत्रेवाली', एक 'बिनफोटोची' आणि एक 'पिवळी'. पिवळी ही इंग्लंडातल्या कुठल्याशा चार पोरांच्या बँडची, त्यांची एवढी एकच निघाली आणि कोणी विकत घेतली नाही. मला ती उगाच धावपळीची वाटली होती. शब्द नीट कळेपर्यंत गाणं संपायचं.

भाऊजींचं परीक्षण ऐकण्यासारखं असे. छान, वाईट, हे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. कुत्रेवाली ऐकून म्हणाले, "यात कणी लय हाय. एक दाणा साबूत नाही. सारं तुटून राह्यलं." बिनफोटोची ऐकून म्हणाले, "याले पॉलिश जास्त मारली. तांदूळ पांढरा दिसते, पण चव कोंड्यासंगं गेली." मी हसले. घरी येऊन दोन्ही कॅसेटी आठवत बसले आणि हसू गेलं. अगदी तसंच होतं! मला त्या का आवडल्या नाहीत हे मलाच कळलं नव्हतं, ते या माणसाने जेवण झाल्यावर दात कोरता कोरता सांगितलं. पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

पिवळीवर मात्र त्यांचा जीव जडला. दर शनिवारी तीच. मलाही तिथे ती निराळीच लागे. गाणाऱ्याचा आवाज जाड, ढोल सावकाश, दमलेल्या बैलांनी भरलेली बंडी ओढत न्यावी तसा. मी मनात म्हटलं, पत्र्याच्या शेडचा गुण असेल, नाहीतर माझे कान सुधारले असतील. दुसरी कल्पना मला जास्त पटली.

एक शनिवार मला पक्का आठवतो. धान घेऊन आलेले चार-पाच जण बाहेर पोत्यांवर बसले होते. पिवळीचं चौथं गाणं सुरू होतं. एक म्हातारा ओरडला, "काहून बे, त्या मानसाले कोनी मारून राह्यलं का?" सगळे हसले. भाऊजी पाठमोरेच होते. म्हणाले, "मारत नाही काका. सोडून गेला त्याचा जोडीदार. आता आयका... हां. थांबला."

"कोण थांबला?" मी विचारलं.

"जाड तारवाला. चौघं जण हायेत ना? त्यातल्या एकाची गिटार जाड तारेची. इथवर वाजवून राह्यला होता, आता हात काढून घेतला त्यानं. बाकीचे तिघं त्याच्याबिगर ओढून नेते. पुढच्या गाण्यात येते वापस, पण रुसूनच वाजवते."

मी कान टवकारले. कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मला शब्द ऐकू येत होते, प्रत्येक शब्द, त्याचं व्याकरणही सांगितलं असतं. पण कोणी थांबल्याचं काही केल्या ऐकू येईना. "आयकू आलं?" भाऊजींनी मोठ्या आशेने विचारलं. "हो, आलं ना," मी म्हणाले. धादांत खोटं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी रागाने नुसती धुमसत होते. वीस-वीस वेळा शब्द उतरवायचे मी, नागपूरहून ओझं वाहून आणायचं मी, आणि कळायचं कोणाला, तर कोंड्याने माखलेल्या या माणसाला!

भाऊजींना मात्र माझ्याविषयी केवढा आदर. कोणी पाहुणा आला की सांगत, "आमच्या मंदाले समजते हे सारं. मी आपला आयकतो." असा माणूस वाईट तरी कसा म्हणावा? त्यांनी थोडी फुशारकी मारली असती तर माझी जळजळ कमी झाली असती.

मग वर्षं गेली. कॅसेटींचा जमाना संपला, माझा टेप मोडीत गेला, हातात फोन आला. इंटरनेटवर मला एक मंडळी सापडली, देशोदेशीची, दुर्लक्षित राहिलेल्या रॉक अल्बमविषयी आपापला अनुभव लिहिणारी. मी टोपणनावाने लिहायला लागले. पहिला लेख माझ्या लाडक्या कॅसेटवर लिहिला, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरा बिनफोटोचीवर लिहिला आणि त्यात तांदळाला जास्त मारलेली पॉलिश घातली. लोक खूश! असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं म्हणे. मग काय, चटकच लागली. तिसरा लेख पिवळीवर. दमलेल्या बैलांची चाल, मधेच हात काढून घेणारा जाड तारवाला, पुढच्या गाण्यात रुसून वाजवणारा, सगळं 'मी ऐकलं' म्हणून लिहिलं. भाऊजींचं नाव कुठेही नाही. कोण सिहोऱ्याचा मिलवाला, त्याला कोण ओळखतं, असं मनाशी म्हटलं. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. तीस वर्षं ही कॅसेट ऐकतोय, पण तो थांबतो हे आज तुमच्यामुळे कळलं, असं एकाने लिहिलं. जन्मभर ऐकायचं होतं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि दर वेळी ते भाऊजींनाच उद्देशून असल्यासारखं वाटून चिडले.

आठवड्याने एका बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कुठली प्रत आहे? हा अल्बम तर चांगला जलद आहे, बैलांची चाल कुठून आली? मी तोऱ्यात फोनवर पिवळी शोधली आणि लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गाणं तुरुतुरु पळत सुटलं. आवाज पोरगेला. वीस वर्षांपूर्वी घरी ऐकून टाकून दिलेली तीच धावपळ. म्हणजे भाऊजींचा टेप हळू चालत होता! बिचाऱ्यांनी चुकीचंच गाणं इतकी वर्षं ऐकलं. लाज वाटली ती माझी. आणि लाजेच्या खाली, लपवत नाही, थोडं बरंही वाटलं. एकदाचे चुकले.

पुढच्याच शनिवारी मी सिहोऱ्याला गेले. भाऊजींनी मिल सोडून दोन वर्षं झाली होती, येताना टेपही घरी आणला होता. कोंड्याने छाती धरली होती, चार शब्दांनंतर दम लागे. अंगणात खुर्चीवर बसले होते. मला पाहून चेहरा उजळला.

"बरी आली. पल्लवी आली होती मांगच्या हप्त्यात." पल्लवी त्यांची लेक, नागपूरला असते. "आपला टेप बंद पडला ना, त तिनं पिवळी फोनवर शोधून देली. मी म्हटलं, ही आपली नोहे. लय पळते. अन् जाड तारवाला त या फोनात आयकूच येत नाही." थोडा दम खाल्ला. "शोधता शोधता तिले एक लिहिलेलं सापडलं. साऱ्या दुनियेत पिवळीवर एकाच मानसानं लिहिलं म्हणे. तिनं मराठी करून वाचून दाखवलं."

पल्लवीला टोपणनावामागची मी माहीत नव्हते. "मग?" मी विचारलं.

"मस्त लिहिलं वो. एक नंबर. बैलं बी हायेत त्यात." भाऊजी माझ्याकडे न पाहता अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे पाहत होते. "तुले भेटला कधी तो लिहिणारा, त त्याले एक सांगजो."

"काय सांगू?"

"म्हणा, त्या टेपचा बेल्ट सैल होता."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. उठून पाय धरावेत की पळून जावं, कळेना. शेवटी तोंडातून निघालं ते भलतंच. "तुम्हाले माहीत होतं?"

"जिंदगी गेली मिलचे पट्टे बदलवण्यात, अन् मले बेल्ट सैल झालेला समजणार नाही?" ते हसले, हसताना खोकले. ताईने पाणी आणून दिलं.

"मग बदलवला काहून नाही?"

"बदलवला होता ना. तुमसरहून नवा आणला, टाकला. गाणं पळाले लागलं. त्यायनं चुकीचं वाजवलं बापा ते, घाईत. काढला अन् जुनाच टाकला."

म्हणजे त्यांनी दोन्ही ऐकली होती. दोन्हींतलं त्यांना हवं ते ठेवून घेतलं होतं. आणि मी आले होते त्यांची चूक त्यांना सांगायला! मी म्हणाले, "भाऊजी, तो लेख मी..." त्यांनी हात वर केला, मिलमध्ये रबर गेला की करत तसा. "चहा मांड वो," ताईला म्हणाले, "मंदाले जाचं हाय पाचच्या गाडीनं."

त्या रात्री मी लेखाखाली लिहिलं की यातलं ऐकलेलं सगळं भाऊजींचं आहे, माझी फक्त इंग्रजी. काहींनी कौतुक केलं, काहींना ती माझी थट्टाच वाटली. पाऊस उघडता उघडता भाऊजी गेले. मी त्यांना नीट सांगितलंच नाही, हे राहिलं ते राहिलं.

चौदावं झाल्यावर ताईने तो टेप माझ्यापुढे ठेवला. "तू नेजो. इथं कोण आयकते." सेलच्या खणात कागदात गुंडाळलेला नवा बेल्ट होता, एकदाच वापरलेला. मी तो तसाच राहू दिला. गावातल्या एका रेडिओवाल्याला बोलावलं, त्याने वायर जोडून दिली आणि म्हणाला, बाई, बेल्ट पार ढिला आहे, बदलून देऊ? मी इतक्या जोरात नको म्हणाले की तो दचकला.

तो गेल्यावर मी पिवळीचं चौथं गाणं लावलं. दोन पावलं दूर गेले आणि टेपकडे पाठ केली. भिंतीवर भाऊजींचा फोटो, हार अजून ताजा. बैलं निघाली. ताई तांदूळ निवडत बसली होती.

"तिथं नाही," ती सूप खाली न ठेवता म्हणाली. "डावीकडं सरक जराशी. ते तिथं उभे राहत."

मी सरकले. शब्द येत होते, त्यांना येऊ दिलं. आणि मग पाठीत, खाली कुठेतरी, इतका वेळ चाललेलं काहीतरी एकाएकी नाहीसं झालं. बाकीचे तिघं पुढे निघाले.

"ताई!" मी ओरडले. "थांबला तो! आयकलं?"

ताईने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुले आता आयकू आलं?" ती म्हणाली.