बदकावरची हळद

मी शिकारी नाही. हे आधी सांगतो, कारण त्या वर्षी टेक्सासच्या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी घरांत माझी ओळख 'तो बदकवाला' अशी झाली होती. बदक मारलं शेजारच्या आजोबांनी. मी फक्त गाडी चालवली, कॉफीचा थर्मास सांभाळला आणि भाताच्या शेतातल्या गुडघाभर पाण्यात उतरून ते उचलून आणलं.

आजोबा हा आमच्या मुलीचा शब्द. मी त्यांना सर म्हणायचो. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा गवत कापायच्या मशीनपासून वादळात खिडक्यांना फळ्या ठोकण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. त्यांचे डोळे जात चालले होते, आणि वर्ष संपेपर्यंत फक्त उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हणून तो जानेवारी त्यांच्या शिकारीचा शेवटचा. त्यात मिळालेला हा एकच पक्षी, तलवार बदक, नर. चॉकलेटी डोकं, लांब टोकदार शेपटी आणि पांढरीशुभ्र छाती.

"हे मला पेंढा भरून हवंय," परतताना ते गाडीत म्हणाले. "दिसतंय तोवर रोज बघीन."

"सर, ते माझ्याकडे लागलं," मी म्हणालो. या धंद्यातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं.

घरी आलो. बदकाच्या छातीवर छर्र्याची जखम होती आणि तिथून रक्त पांढऱ्या पिसांत उतरत होतं. मी मिसळणाचा डबा उघडला आणि चिमूट-दोन चिमूट हळद जखमेवर दाबून धरली. नागपूरला लहानपणी बोट कापलं, गुडघा फुटला की आई हेच करायची. हात आपोआप डब्याकडे गेला.

"अरे, ते मेलंय," ओट्याशी उभी असलेली बायको म्हणाली. "हळद कशाला?"

"ब्लीडिंग थांबतं."

"आणि ते फ्रीजरमध्ये माझ्या ओल्या नारळाशेजारी ठेवू नकोस. आय ॲम सीरियस."

तिने नारळ उचलून खालच्या खणात नेला. बदक पिशवीत बांधून मी फ्रीजरमध्ये टाकलं आणि पेंढा भरणारा माणूस शोधायला लागलो.

पहिला फक्त हरणं करायचा. बदक म्हटल्यावर त्याने फोनवर असा सुस्कारा सोडला की मी त्याच्याकडे उसने पैसे मागितलेत असं वाटावं. दुसऱ्याच्या दुकानात जाऊन आलो. त्याच्या भिंतीवरच्या सगळ्या बदकांचे डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेले आणि मानेची शिवण लांबून दिसत होती. तिसरा म्हणाला, चौदा महिने लागतील. मी त्याला आजोबांच्या डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, वाईट झालं, चौदा महिने. चौथा फोनच उचलत नसे. रोज ऑफिसमधून परत येताना मी त्याच्या भरलेल्या व्हॉइसमेलला शिव्या घालायचो. इंजिनिअर माणूस, तेलाच्या पाइपलाइनी सांभाळतो आणि एका पाखरात पेंढा भरणारा मिळत नाही, याची मला लाज वाटायला लागली. माझ्या मराठी मित्रांना तर विचारायचीच सोय नव्हती. एक जण हसून म्हणाला, "यार, फ्राय करून टाक आणि बोलव आम्हाला."

शेवटी दीड तासावरच्या एका गावात एक बाई सापडल्या. घरामागच्या शेडमध्ये काम करत. त्यांच्या फळीवरचं एक बदक पाहून मी दोन पावलं मागे सरकलो, ते उडेल की काय असं वाटलं. आजोबांचं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "जूनपर्यंत देते." शिकाऱ्याचं नाव, सही आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी पक्ष्याच्या पायाला हवी, असा नियम होता. ती आजोबांनी आधीच भरून बांधली होती. मग बाईंनी छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला केली आणि माझ्याकडे बघितलं.

"याच्यावर करी कोणी सांडली?"

मी हळदीचं सांगितलं. त्यांनी पिसं पुन्हा नीट बसवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार आठवड्यांनी त्यांचा फोन. पिसं साबणाने धुतली, तर डाग लालभडक झालाय, तुम्ही आणखी काय लावलंय? हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मला ते सांगायचं सुचलं नव्हतं. पुन्हा धुऊन लाल गेला. पिवळा राहिला.

जूनमध्ये बदक आणलं. काम अप्रतिम. पंख किंचित उचललेले, मान अशी वळवलेली की कुणी हाक मारली असावी. आणि त्या पांढऱ्या छातीवर तळहाताएवढा पिवळा डाग. मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. आईला फोन केला.

"उन्हात ठेव," ती म्हणाली. "हळदीचा डाग उन्हानेच जातो. एवढं शिकलास, हे कसं नाही कळलं?"

टेक्सासमध्ये उन्हाला काय तोटा? पण बाहेर दमट हवा आणि शेजारची मांजरं, म्हणून मी ते दक्षिणेच्या खिडकीत ठेवलं. ऑफिसला जाण्याआधी फिरवायचं, आल्यावर पुन्हा फिरवायचं. काचेतून डाग हळूहळू फिकटत होता, फार हळूहळू. रोज संध्याकाळी कुंपणापाशी आजोबा विचारायचे, "बदक आलं का?"

"नाही सर. बाईंकडे फार काम आहे."

"बरं," ते म्हणायचे, आणि कुंपण चाचपत घराकडे वळायचे. पुढे पुढे ते चाचपणं वाढत गेलं. मला ते दिसत होतं. पण डाग अजून होता, आणि डागाचं बदक त्यांच्या हातात द्यायची माझी छाती होत नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी छाती पांढरी झाली. मी बदक घेऊन धावतच गेलो. आजोबा खुर्चीत बसले होते, तोंड खिडकीकडे. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत बोटं फिरवली, सावकाश. मग चेहरा जवळ नेला, बाजूला केला, पुन्हा जवळ नेला.

"छान केलंय तिने," ते म्हणाले. "मला नुसता उजेड दिसतोय."

मी खुर्चीशेजारी खाली बसलो.

"जूनमध्ये तिचा फोन आला होता. चिठ्ठीवर माझा नंबर होता ना. म्हणाली, हळदीचा पिवळा डाग गेला नाही, सॉरी. मी म्हटलं, असू दे." त्यांचा हात छातीवर थांबला. "तुझ्या घरची हळद कशी दिसते ते बघायचं होतं मला. म्हणून रोज विचारत होतो."

"सर, मी..."

"कुठे होता डाग?"

मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.