चार्ज दिल्यानंतर

कोयलीच्या रिफायनरीत उंच धुराड्याच्या टोकाला जादा वायू जाळतात, त्याची ज्योत, म्हणजे फ्लेअर, आमच्या गच्चीवरून दिसते. पाहुण्यांना तिचं कौतुक. आमच्या ह्यांना मात्र ती वाचता येते. ज्योत फुगली की प्लांटमध्ये काहीतरी बिनसलंय. शिफ्ट संपली, पुढच्या माणसाला चार्ज दिला, तरी घरी आले की तडक गच्चीवर. ज्योत मोठी दिसली की लगेच कंट्रोल रूमला फोन, आणि इकडे ताटातली आमटी गार. मी म्हणायची, "माझी सवत कोयलीला राहते आणि कायम पेटलेली असते."

थट्टा जिरली ती मागच्या हिवाळ्यात. ह्यांचा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "गोळ्या मी देईन. पण घरी येऊनही ड्युटीवरच राहणार असाल, तर एक दिवस झटका येईल." मी हादरले. देवापुढे बसलं की नुसतं रडू यायचं.

मला वाटलं, आता योगाचे क्लास आणि कडू काढे सुरू होणार. छे! दुसऱ्या दिवशी हे घरी आले, मोबाइल कपाटात ठेवला आणि हिंचक्यावर, म्हणजे आमच्या झोपाळ्यावर, बसून म्हणाले, "मेथी दे निवडायला."

रोज एवढी मेथी कुठून आणू? किती ढेबरी खाणार माणूस! मग कधी तुरीच्या शेंगा, कधी लसूण. हात गुंतले की पाय जिन्याकडे वळत नाहीत, एवढंच त्यांचं शास्त्र. सुरुवातीला हिंचका असा हलायचा की कड्या करकरायच्या, आणि मान सारखी जिन्याकडे. पण उठले नाहीत. अर्ध्या आयुष्याची सवय माणूस मुकाट्याने मोडतो, हे मी रोज समोर बघत होते. मला साधा दुपारचा दुसरा चहा सुटत नाही.

एका संध्याकाळी शेजारच्या गच्चीवरून हाक आली. शेजारी गुजराती, तेही रिफायनरीतलेच. "भाई, आजे फ्लेअर बहु मोटी छे हों!"

हिंचका थांबला. ह्यांच्या हातात शेंग तशीच राहिली.

"जेनी पासे चार्ज छे ए जोशे," हे खालूनच ओरडले. ज्याच्याकडे चार्ज आहे तो बघेल! आणि शेंग सोलली.

मला मात्र राहवेना. वाळत घातलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी गच्चीवर गेले. ज्योत खरंच मोठी होती, की मलाच तशी वाटली, कोण जाणे. बराच वेळ मी बघत उभी राहिले. खाली आले तेव्हा हातात एकही कपडा नव्हता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिंचक्यावर थोडे सरकले आणि शेंगांची परात आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

"बस," म्हणाले. "सोल."