वासाची वाट पाहणारी

राळेगावला सकाळच्या बससाठी उभी असले की एक म्हातारी मला रोज दिसायची. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीलगतच्या नळापाशी बसलेली. तिथेच काम करून तिच्या नाकात कापसाची धूळ बसली होती आणि वास येणं बंद झालं होतं. कुणीतरी शिकवलेली जलनेती ती चहाच्या किटलीने करायची.

मान कलती करून, डोळे मिटून ती किटलीची तोटी एका नाकपुडीला लावायची. दुसरीतून पाण्याची बारीक धार उतरायची. धुक्यात ती धार संपतच नाही असं वाटायचं आणि माझ्यासारखी घाईची बाईही बघत राहायची.

"मीठ किती घालता?" मी एकदा विचारलं.

"आसवाइतकं खारट पाह्यजे ताई. मंग नाकाले झोंबत नाही."

"पण रोज एवढा खटाटोप?"

"सून मले गॅसजवळ जाऊ देत नाही. म्हणते, दूध करपलं तरी तुमाले समजत नाही. मंग घरात म्या करू काय?"

मग ती पदराच्या गाठीतलं गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, पान चुरगळून हुंगायची आणि फेकून द्यायची.

थंडी सरताना एकदा मी लसूण सोलून तशीच घाईत निघाले होते. तिने किटली माझ्याकडे धरायला दिली, नाक शिंकरलं आणि एकदम थांबली. माझा मोकळा हात ओढून तिने नाकाशी नेला.

"लसूण! कसा घाण वास येऊन राह्यला वो ताई!" ती हसतच सुटली.

बस लागली, कंडक्टर ओरडला. मला कुणी हात धरलेला आवडत नाही. मी किटली खाली ठेवली आणि दुसराही हात पुढे केला.